हिशेबवही, छंद आणि श्रद्धा : डेना जॉया यांचे काव्य आणि समीक्षा

कवी आणि व्यवहार ह्यांचे जमत नाही, असा एक समज आपल्या साहित्यविश्वात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कवी म्हटला की तो विरक्त तरी असावा, अस्ताव्यस्त तरी असावा, निदान प्राध्यापक तरी असावा, अशी आपली अपेक्षा असते. त्यामुळे एखादा कवी पंधरा वर्षे खाद्यपदार्थांच्या कंपनीत जेली खपविण्याच्या योजना आखीत होता, आणि दिवसभराचे हे काम आटोपल्यावर रात्री घरी येऊन वृत्तबद्ध कविता लिहीत होता, असे कानावर आले की आपण क्षणभर थबकतो. हाच कवी पुढे आपल्या देशातील कलाविषयक सर्वोच्च शासकीय संस्थेचा अध्यक्ष होतो, कवितेला तिचा हरवलेला वाचक परत मिळावा म्हणून कवींनाच खडे बोल सुनावतो आणि उत्तरायुष्यात कॅथॉलिक लेखकांच्या दारात उभा राहून 'तुम्ही गेलात कुठे?' असा प्रश्न करतो. अमेरिकन कवी व समीक्षक डेना जॉया ह्यांच्याविषयी आम्ही येथे लिहू इच्छितो, ते केवळ त्यांच्या ह्या वेधक चरित्रासाठी नव्हे. त्यांनी विचारलेला शेवटचा प्रश्न आपल्याही दारातला आहे, हे त्याचे खरे कारण होय.

१

मायकल डेना जॉया ह्यांचा जन्म २४ डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे नाताळच्या पूर्वसंध्येला, कॅलिफोर्निया राज्यातील हॉथोर्न ह्या लॉस एंजेलिसलगतच्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत झाला. वडिलांचे घराणे सिसिलीहून आलेले, आईचे मेक्सिकन वंशाचे. वडील टॅक्सी चालवीत, आई टेलिफोन ऑपरेटर होती. महाविद्यालयाची पायरी चढणारे जॉया हे त्या घरातील पहिलेच. तथापि हे घर पुस्तकांविना नव्हते. आईचे भाऊ व्यापारी जहाजांवर काम करीत. १९५५ साली विमान अपघातात ते मरण पावले, आणि अनेक भाषांतील त्यांची पुस्तके व अभिजात संगीताच्या त्यांच्या तबकड्या ह्या घरात राहिल्या. त्या कपाटांच्या सावलीत हा मुलगा वाढला. आईचे शिक्षण बेताचेच, पण तिला कविता पाठ होत्या आणि ती त्या म्हणून दाखवी. कविता ही पाठ्यपुस्तकात सापडण्याआधी आईच्या आवाजात सापडावी लागते, हे जॉया ह्यांच्या समीक्षेतील सूत्र पुढे सिद्धान्ताच्या भाषेत आले असले, तरी त्याचे मूळ ह्या स्वयंपाकघरात आहे.

शालेय शिक्षण कॅथॉलिक शाळांत झाले. तेथील भगिनी आणि बंधू ह्यांच्याकडून आणि त्या काळी लॅटिन भाषेत होणाऱ्या मिस्साबलिदानातून त्यांना एक गोष्ट लहानपणीच कळली. भाषा संपूर्ण समजण्याआधीही ती मनात घर करू शकते. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठाची पदवी (१९७३), हार्वर्ड विद्यापीठात तौलनिक साहित्याचे पदव्युत्तर शिक्षण (१९७५) आणि तेथे एलिझाबेथ बिशप व रॉबर्ट फिट्‌झजेरल्ड ह्या दोन कवींचे सान्निध्य, असा हा प्रवास झाला. येथून सरळ वाट प्राध्यापकीकडे जात होती. जॉया ह्यांनी ती सोडली. विद्यापीठात राहिलो तर आपण कवींसाठी लिहू लागू, वाचकांसाठी नव्हे, अशी शंका त्यांच्या मनात आली असावी. ते स्टॅनफर्डला परतले, १९७७ साली व्यवस्थापनशास्त्राची पदवी घेतली आणि 'जनरल फूड्स' ह्या कंपनीत रुजू झाले. आपण कवी आहोत, हे त्यांनी सहकाऱ्यांपासून बरीच वर्षे लपवून ठेवले. उपाध्यक्षपदापर्यंत पोहोचल्यावर, १९९२ साली, त्यांनी ती नोकरी सोडली आणि ते पूर्णवेळ लेखक झाले.

दरम्यान 'डेली होरोस्कोप' (१९८६) आणि 'द गॉड्‌स ऑफ विंटर' (१९९१) हे दोन काव्यसंग्रह प्रसिद्ध झाले होते. पुढे 'इंटरॉगेशन्स ॲट नून' (२००१), 'पिटी द ब्यूटिफुल' (२०१२), 'नाइंटी-नाइन पोएम्स' (२०१६) आणि 'मीट मी ॲट द लाइटहाऊस' (२०२३) हे संग्रह आले. पहिल्या संग्रहापासून आजवर जवळजवळ चार दशके होतात. एवढ्या काळात इतकी मोजकी कविता लिहिणारा कवी आपल्या शब्दांचा हिशेब चोख ठेवतो, हे मान्य करावे लागेल.

२

समीक्षक म्हणून जॉया ह्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते एका लेखाने. मे १९९१ च्या 'अटलांटिक मंथली' ह्या मासिकात त्यांनी 'कॅन पोएट्री मॅटर?', म्हणजे कवितेला काही महत्त्व उरले आहे काय, अशा शीर्षकाचा निबंध लिहिला. त्यावर वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. पुढच्याच वर्षी ह्याच नावाचा समीक्षासंग्रह निघाला.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे. अमेरिकेत पूर्वी कधी नव्हती इतकी कविता छापली जात आहे, कवींना वेतन आहे, शिष्यवृत्त्या आहेत, विद्यापीठांतून काव्यलेखनाचे वर्ग आहेत, आणि तरीही सुशिक्षित सामान्य वाचकाच्या आयुष्यातून कविता निघून गेली आहे. कवींनी कवींसाठी लिहायचे, कवींनीच त्यावर गोड गोड अभिप्राय द्यायचे आणि त्या अभिप्रायांवर पुढची बढती मिळवायची, असा हा बंदिस्त व्यवहार झाला आहे. येथे जॉया ह्यांनी एक उपमा योजली आहे. ती वाचताना आम्ही काहीसे ओशाळलो, हे कबूल केले पाहिजे. देवाविषयी कोणालाच खात्री उरलेली नाही अशा गावात धर्मगुरूंना जसा जुन्या पुण्याईवर थोडाबहुत मान मिळत राहतो, तसा आजच्या कवीला मिळतो, असे ते म्हणतात. उपमा कवींना झोंबावी म्हणून दिली आहे, परंतु तिची दुसरी धार कोणाकडे वळलेली आहे, हे आमच्यासारख्याला वेगळे सांगण्याची गरज नाही.

रोगाचे निदान करून वैद्य निघून गेला, असे येथे झालेले नाही. लेखाच्या अखेरीस त्यांनी सहा उपाय सुचविले. कवींनी काव्यवाचनाच्या कार्यक्रमांत स्वतःबरोबरच इतरांच्या आवडत्या कविताही म्हणाव्यात. अशा कार्यक्रमांत संगीतादी अन्य कलांना सोबत घ्यावे. कवींनी कवितेविषयी गद्य लिहावे, आणि ते सामान्यांना कळेल अशा भाषेत व निर्भीडपणे लिहावे. संपादकांनी काव्यसंग्रहात मनापासून आवडलेल्या कविताच घ्याव्यात, ओळखीपाळखीच्या नव्हेत. शिक्षकांनी विच्छेदन कमी करून पाठांतर व सादरीकरण वाढवावे. नभोवाणीचा उपयोग करून घ्यावा. उपाय साधेच आहेत, किंबहुना आपल्या आजीनेही सुचविले असते असे आहेत. पण साहित्याच्या क्षेत्रात साधे उपाय सांगण्यास मोठे धैर्य लागते, कारण ते कोणी केले नाहीत ह्याची लाज त्यांतून उघडी पडते.

आक्षेप आले, आणि ते यावयास हवे होते. जॉया गतकाळाच्या आठवणीने हळवे झाले आहेत, कवितेला सर्वत्र मान होता असा सुवर्णकाळ कधी नव्हताच, असे काहींनी म्हटले. छंद व यमक ह्यांचे पुनरुज्जीवन करू पाहणाऱ्या 'न्यू फॉर्मॅलिझम' ह्या चळवळीचे ते एक अग्रणी होते. ती चळवळ त्या काळच्या सनातनी राजकारणाचीच काव्यातील सावली होय, असाही आरोप झाला. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे असे आम्हांस वाटते. ज्या गावकुसाबाहेरच्या कवितेकडे १९९१ च्या लेखात त्यांचे पुरेसे लक्ष गेले नव्हते, तिची दखल त्यांनी स्वतःच पुढे 'डिसॲपिअरिंग इंक' (२००४) ह्या पुस्तकात घेतली. रॅप गाणारे कृष्णवर्णीय तरुण आणि गुराख्यांच्या मेळाव्यांत म्हटली जाणारी कविता ह्यांकडे त्यांनी तेथे आदराने पाहिले. स्वतःचे निदान दुरुस्त करणारा समीक्षक विरळा.

दुसरा आक्षेप मात्र मराठी वाचकाला पटणार नाही. आपल्याकडे मर्ढेकरांनी यंत्रयुगाची विटकी, भेदरलेली माणसे मराठी कवितेत आणली ती अभंगाच्या आणि ओवीच्या जुन्या साच्यांतून. जुन्या छंदात नवा माणूस बसू शकतो, हे आपल्याला परदेशातून शिकावे लागत नाही. छंद हा कोणा एका पक्षाच्या मालकीचा नसतो.

२००३ ते २००९ ह्या काळात जॉया 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्‌स' ह्या संस्थेचे अध्यक्ष होते, आणि येथे त्यांना स्वतःचेच शब्द खरे करून दाखविण्याची संधी मिळाली. २००४ साली संस्थेने 'रीडिंग ॲट रिस्क' हा अहवाल प्रसिद्ध केला. १९८२ साली वर्षभरात एखादी तरी ललितकृती वाचणारे प्रौढ अमेरिकन ५६.९ टक्के होते, ते २००२ साली ४६.७ टक्क्यांवर आले होते. आकडे मांडून ते थांबले नाहीत. गावोगावी शेक्सपिअरचे प्रयोग, एकाच पुस्तकाभोवती सारे गाव गोळा करणारी 'बिग रीड' ही योजना आणि शाळकरी मुलांसाठी 'पोएट्री आउट लाउड' ही काव्यपाठांतराची देशव्यापी स्पर्धा त्यांच्या कारकीर्दीत उभी राहिली. शिक्षकांनी पाठांतर वाढवावे, हा १९९१ सालचा पाचवा उपाय अशा रीतीने सरकारी योजना झाला. पुढे २०१५ ते २०१८ ह्या काळात कॅलिफोर्नियाचे राजकवी असताना ते त्या राज्याच्या सर्वच्या सर्व ५८ परगण्यांत जाऊन आले. ज्या माणसाने वाचक हरवला म्हणून तक्रार केली, तो वाचकाला शोधायला स्वतः निघाला, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या कोणत्याही सिद्धान्तापेक्षा मोलाची वाटते.

३

परंतु समीक्षकाच्या कर्तृत्वाने कवी झाकला जाऊ नये. डिसेंबर १९८७ मध्ये जॉया दांपत्याचे पहिले अपत्य, अवघ्या चार महिन्यांचा मुलगा, झोपेतच अचानक दगावला. काही काळ लेखन थांबले. नंतर जे आले ते 'द गॉड्‌स ऑफ विंटर' ह्या संग्रहात आहे, आणि तो त्या बाळालाच अर्पण केलेला आहे.

त्यातील 'प्लँटिंग अ सिक्वॉया' ही कविता जॉया ह्यांच्या सर्व काव्यात श्रेष्ठ होय, असे आमचे मत आहे. सिसिलीत पहिला मुलगा जन्मला की बाप ऑलिव्ह वा अंजिराचे झाड लावतो, अशी चाल. येथे बाप आपल्या भावांसह पावसाळी थंडीत खड्डा खणतो आणि फळझाडाऐवजी सिक्वॉयाचे रोप लावतो. त्याच्या मुळांशी बाळाचे थोडे जावळ आणि नाळेचा एक तुकडा ठेवतो. सिक्वॉया हा हजारो वर्षे जगणारा महावृक्ष. घरातील सारी माणसे, घरसुद्धा, नाहीसे झाल्यावर तो उभा राहील, आणि हे बाळ येथे होते हे त्याचे गुपित अनोळखी लोकांमध्ये जपून ठेवील, एवढीच आशा.

कवितेत स्वर्गाचे नाव नाही, पुनरुत्थानाचा उल्लेख नाही. मग तिला ख्रिस्ती कविता कशासाठी म्हणावे? आम्ही ह्या प्रश्नावर बराच विचार केला. धर्मगुरू म्हणून आम्ही तान्ह्या बालकांच्या अंत्यविधीला उभे राहिलो आहोत. लहानशी पांढरी पेटी बाप एकट्याच्या हातांवर घेऊन येतो, तिला खांदेकरी लागत नाहीत. अशा वेळी पदरचे शब्द काही केल्या पुरत नाहीत. पुरतात ते विधीचे शब्द आणि विधीच्या कृती : पवित्र पाणी शिंपडणे, माती देणे, हात जोडणे. स्नानसंस्कार झालेल्या बाळासाठी ख्रिस्तसभेची जुनी उपासना पापक्षमा मागत नाही. बाळ देवाजवळ आहे असे ती मानते, आणि मागे राहिलेल्यांसाठी प्रार्थना करते. जॉया ह्यांच्या कवितेत नेमके हेच घडते. कवी दुःखाविषयी बोलत बसत नाही. तो माती उकरतो, जावळ ठेवतो, झाडाला पाणी घालतो. ओल्या मातीला आणि एका रोपाला न पेलणारा अर्थ पेलावयास लावणे, ह्यालाच संस्कारदृष्टी म्हणतात. ही दृष्टी सिद्धान्त पाठ करून येत नाही. ती बालपणी गुडघे टेकून येते.

गंमत अशी की, छंदाचा हा पुरस्कर्ता आपली सर्वांत जवळची कविता निर्यमक, लांब आणि संथ ओळींत लिहितो. छंद हे त्यांचे व्रत नव्हते, ते साधन होते, ह्याचा ह्याहून चांगला पुरावा नसावा.

ह्याच संग्रहातील 'काउंटिंग द चिल्ड्रेन' ही दीर्घ कथनकविता आमच्या शीर्षकातील हिशेबवहीची आठवण करून देणारी आहे. तिचा निवेदक चॉय नावाचा चिनी वंशाचा हिशेबनीस. मृत्युपत्र न करता वारलेल्या एका वृद्धेच्या मालमत्तेची नोंद करण्यासाठी तो तिच्या घरी जातो. तेथे एका खोलीत त्याला टाकून दिलेल्या, मोडक्या बाहुल्या ओळीने मांडलेल्या दिसतात. त्या रात्री स्वप्नात त्याची हिशेबवही जुळता जुळत नाही. तो दचकून उठतो आणि आपल्या लहानग्या मुलीच्या बिछान्याकडे धाव घेतो. जगातील नफातोट्याच्या रकान्यांत न मावणारी एक गोष्ट घराघरांत झोपलेली आहे, हे कळण्यासाठी हिशेबनीसच असावे लागते. कार्यालयात पंधरा वर्षे घालविलेल्या कवीने कार्यालयाविषयी जवळजवळ काहीच लिहिले नाही, असे म्हणतात. आमच्या मते त्याने जे लिहिले ते येथे आहे.

ज्या बाळाला झाडाच्या मुळाशी ठेवले, त्याने कवीची पाठ सोडली नाही. 'पिटी द ब्यूटिफुल' मधील 'मेजॉरिटी' ही छोटी कविता पाहावी. तो जगला असता तर आज एवढा झाला असता, असे म्हणत बाप इतरांच्या मुलांत त्याला वर्षानुवर्षे वाढताना पाहतो, आणि तो एकवीस वर्षांचा होतो तेव्हा, जाणती मुले घर सोडून जातात तसे त्यालाही जाऊ देतो. ज्या आईवडिलांनी मूल गमावले आहे त्यांनाच ह्या कवितेचा हिशेब कळेल.

ह्याच संग्रहात 'द एंजल विथ द ब्रोकन विंग' ही कविता आहे. बोलतो तो लाकडी देवदूत. मेक्सिकोतील कारागिराने भक्तांसाठी घडविलेला, क्रांतीच्या धामधुमीत सैनिकांच्या हातून एक पंख गमावलेला, आणि आता वस्तुसंग्रहालयाच्या कोठारात पडलेला. त्याच्यापुढे पूर्वी लोक प्रार्थना करीत. आता तज्ज्ञ त्याची केवळ नोंद करतात. धर्म आणि कला ह्यांची ताटातूट झाली म्हणजे काय होते, हे सांगायला जॉया ह्यांना पुढे मोठा निबंध लिहावा लागला. कवितेत तेच काम एका मोडलेल्या पंखाने केले आहे.

४

तो निबंध म्हणजे 'द कॅथॉलिक रायटर टुडे'. डिसेंबर २०१३ मध्ये 'फर्स्ट थिंग्ज' ह्या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला, आणि त्याच नावाचे पुस्तक २०१९ साली निघाले. नोत्र दाम ह्या कॅथॉलिक विद्यापीठाने आपले प्रतिष्ठेचे लेतारे पदक २०१० सालीच त्यांना दिले होते. तरीही ह्या निबंधापूर्वी जॉया ह्यांनी आपल्या धर्मश्रद्धेचा फारसा गाजावाजा केलेला नव्हता.

प्रतिपादन असे : दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत फ्लॅनरी ओ'कॉनर, थॉमस मर्टन, वॉकर पर्सी, जे. एफ. पॉवर्स असे उघडपणे कॅथॉलिक असलेले लेखक अमेरिकन साहित्याच्या मध्यभागी होते. आज तेथे कॅथॉलिक हा सर्वांत मोठा धर्मपंथ असूनही साहित्यात त्याचा आवाज ऐकू येत नाही. ज्यांची श्रद्धा जिवंत आहे असे लेखक ती झाकून ठेवतात, आणि जे बोलतात ते बहुधा तक्रार करण्यापुरतेच ह्या वारशाची आठवण काढतात. ह्या ताटातुटीने दोघेही दरिद्री झाले, कलाजगत झाले आणि ख्रिस्तसभाही झाली, असे ते म्हणतात. उपासनेतील संगीत, मंदिरांची बांधणी, प्रवचनांची भाषा, ह्या सर्वांत सौंदर्याविषयीची बेपर्वाई शिरली. कॅथॉलिक साहित्य म्हणजे सत्पुरुषांच्या गोड कथा नव्हेत, हेही ते ठासून सांगतात. माणूस पतित आहे आणि तरी कृपेला पारखा नाही, सृष्टी दूषित नाही तर पवित्राची खूण आहे, दुःखाला अर्थ असू शकतो, ही त्या साहित्याची दृष्टी होय. ती खुन्याच्या कथेतही असू शकेल, आणि चर्चच्या पायरीवर बसून लिहिलेल्या स्तोत्रात नसू शकेल. उपाय त्यांनी स्थलांतरितांच्या भाषेत सांगितला आहे : आपण सोडून आलेली जुनी वस्ती पडझडीला आली म्हणून हळहळू नका, तेथे पुन्हा राहायला जा आणि घरे दुरुस्त करा.

ह्या निबंधाने एक काम निश्चित केले. विखुरलेल्या लेखकांना तोंडओळख करून दिली. २०१५ साली जॉया ह्यांच्याच पुढाकाराने दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात कॅथॉलिक साहित्यिक प्रतिभेविषयी परिषद भरली आणि पुढे तिची परंपरा चालू राहिली.

तरीही आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला असा की, साहित्याच्या भरभराटीचे माप म्हणून जॉया ह्यांच्या नजरेसमोर पारितोषिके आणि महानगरी नियतकालिके वारंवार येतात. ज्याने १९९१ साली कवितेच्या बंदिस्त दरबाराविरुद्ध शस्त्र उपसले, त्याने २०१३ साली श्रद्धेची कैफियत त्याच दरबारात मांडावी, ही विसंगती आहे. त्यांच्या स्वतःच्या आईने कोणत्याही मानाच्या यादीत न पाहता कविता जतन केल्या होत्या. दुसरा आक्षेप असा की, स्पॅनिश बोलणाऱ्या स्थलांतरित कॅथॉलिकांचे जिवंत भक्तिविश्व त्या निबंधाच्या कडेला राहते. जॉया ह्यांच्या कवितेने मात्र ही उणीव भरून काढली. व्हायोमिंगमध्ये गोळी घालून मारल्या गेलेल्या आपल्या मेक्सिकन पणजोबांवर त्यांनी पोवाड्याच्या जातकुळीची 'द बॅलड ऑफ हेसूस ओर्तीस' ही रचना केली. 'मीट मी ॲट द लाइटहाऊस' मध्ये तर त्यांनी लॉस एंजेलिस नगरीसाठी विलाप आणि त्या नगरीला जिचे नाव मिळाले त्या देवदूतांच्या राणीसाठी स्तोत्रही रचले. समीक्षक जेथे अडखळला तेथे कवी पुढे गेला. आम्हांस ह्यात वैगुण्य वाटत नाही. दोघे एकाच माणसात राहत असल्याचा हा लाभ आहे.

५

आता प्रश्न आपल्या दाराशी येतो. मराठी ख्रिस्ती साहित्याला वारसा नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. फादर स्टीफन्स ह्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. ओवीबद्ध असे ते महाकाव्य गोव्यातील चर्चमधून मोठ्याने वाचले जाई, आणि ओवी कानाने शिकलेल्या माणसांना शुभवर्तमान कानानेच मिळे. जॉया 'पोएट्री ॲज एन्चांटमेंट' ह्या निबंधात कविता ही लिपीहून जुनी असून मुळात उच्चारासाठी व मोहिनीसाठी आहे असे सांगतात, तेव्हा आपल्याला जात्यावरची ओवी आठवावी. रेव्हरंड टिळकांनी आपली भक्ती अभंगात ओतली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या रूपाने २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला एक कॅथॉलिक धर्मगुरू अध्यक्ष म्हणून लाभला. वस्ती जुनी आहे, आणि पायाही भक्कम आहे.

परंतु तेथे कोण राहते? आमच्या समाजातील तरुण कवी भेटतात. त्यांच्यापैकी काहींची कविता वाचली तर तिच्यात ख्रिस्ती घराचा वासही येत नाही. कोणी आपल्याला एका कोपऱ्यात बसवील ही भीती त्यामागे असते. दुसरे काही जण सण आला की नाताळची वा पुनरुत्थानाची कविता लिहून देतात, आणि तिच्यात एकही शब्द त्यांचा स्वतःचा नसतो. पहिल्यांनी घर लपविले, दुसऱ्यांनी घराच्या भिंतीवर नुसते चित्र टांगले. आपले जगणे, शेतवाडी गेल्याचे दुःख, परदेशी गेलेली मुले, रिकामी घरे, आजीच्या जपमाळेचे झिजलेले मणी, हे सारे कृपेच्या उजेडात पाहून त्याविषयी खरे लिहिणे, ही तिसरी वाट अवघड आहे. 'प्लँटिंग अ सिक्वॉया' हे त्या वाटेवरचे एक उदाहरण म्हणून आम्ही पुढे ठेवतो.

मात्र सारा दोष कवींच्या माथी मारून आम्हांस मोकळे होता येणार नाही. गावात मान टिकून राहिलेल्या धर्मगुरूची ती उपमा आम्ही विसरू शकलेलो नाही. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, युक्तिवाद शिकलो. शब्द जपून, तोलून वापरण्याचे शिक्षण आम्हांस फारसे मिळाले नाही, आणि नंतर आम्ही ते मिळविलेही नाही. ज्या वेदीवरून रविवारी घाईघाईत जुळविलेली वाक्ये ऐकू येतात, तिच्यासमोर बसलेल्या मुलाला शब्द पवित्र आहे हे कसे कळावे? मरियेने आपला आनंद देवदूताच्या निरोपानंतर स्तोत्रगीतात गाइला, गद्यात सांगितला नाही. शुभवर्तमानाची सुरुवातच काव्याने होते, हे आम्ही दररोज सायंप्रार्थनेत म्हणतो आणि तेथेच विसरतो.

म्हणून जॉया ह्यांच्या सहा उपायांपैकी पहिलाच आम्ही आमच्यापुरता उचलला आहे. आपल्या धर्मग्रामात साहित्यप्रेमींची बैठक भरेल तेव्हा प्रत्येकाने स्वतःच्या कवितेआधी दुसऱ्या कोणाची तरी एक कविता पाठ म्हणावी. मग ती स्टीफन्सची ओवी असो, तुकोबांचा अभंग असो वा शेजारी बसलेल्या मुलीची कालची कविता असो. आरंभ आम्ही करावा हे उघड आहे. पाठांतर सुरू केले आहे. ह्या वयात ते सोपे जात नाही, पण जातायेता ओठांवर एक ओवी असते, आणि रविवारच्या प्रवचनाचे वाक्य लिहिताना हात पूर्वीपेक्षा थोडा अधिक थबकतो.